काथ्याच्या दोरीने काढलेला नकाशा

फोन मीच केला होता. शाळेतल्या एका सहकाऱ्याला देवगडला घर बांधायचे होते आणि नकाशासाठी मी त्याला दाजी परबांचे नाव सुचवले होते. फोन त्यांच्या मुलीने, रेश्माने उचलला. "बाबा गेले, सर. आज दहावा दिवस. कॉम्प्युटरवर काम करता करता टेबलावरच मान टाकली. तुम्हांला कळवायचं राहून गेलं..." घरी येऊन आईला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे दोरी न्हेवक आता तो येवचो नाय."

त्या दोरीविषयी सांगायचे तर आधी माझ्या शहाणपणाविषयी सांगावे लागेल. मी गणितात बी.एस्सी., आमच्या घरातला कॉलेज केलेला पहिला माणूस. हे मी आजही अभिमानाने सांगतो, तेव्हा जरा जास्तच सांगत असे. मिठबावला जुन्या घराच्या बाजूला नवे घर बांधायचे ठरले, तेव्हा मी स्वतः आलेखाच्या कागदावर आराखडा काढला आणि कणकवलीला एसटी स्टँडच्या मागे दाजींच्या गाळ्यात गेलो. दाजींनी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता. मोठमोठ्या बांधकामांचे नकाशे त्यांच्या हातचे असत, खाली सही दुसऱ्याची. मी ऑफिसात बोलायच्या भाषेत म्हणालो, "आराखडा तयार आहे, तुम्ही फक्त कॉम्प्युटरवर उतरवून द्या." त्यांनीही तशाच भाषेत "बसा सर" म्हटले, कागदावर पट्टी ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि मग एकदम मालवणीवर आले. "मास्तरानू, भिंती कागदाच्यो बांधूच्यो आसत काय?"

मी खोल्यांची मापे आतून घेऊन एकाला एक जोडली होती. मधल्या भिंतींना जाडीच दिली नव्हती. नवरा गेल्यावर माझ्या आईने चिरेखाणीवर डोक्यावरून चिरे वाहून मला शिकवले. ज्या चिऱ्यांवर माझे शिक्षण झाले, त्यांचीच जाडी मी हिशेबात धरली नव्हती. दाजी हसले नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि सगळी मापे नव्याने मांडायला घेतली. त्यांच्या जागी मी असतो तर हसलो असतो.

नकाशा झाला, छान झाला. रस्त्याकडे तोंड, वर स्लॅब, पुढे पोर्च. आईला काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितलेले. म्हणून तिच्या खोलीला मी आतूनच टाइल्सचे न्हाणीघर जोडले होते. तिला बाहेर जावेच लागू नये, एवढी सोय. परवानगीसाठी कागद गेले. जोते आखायच्या दिवशी दाजी आले ते काथ्याच्या दोरीचे एक भले मोठे वेटोळे खांद्यावर टाकून. गवंड्याने फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या होत्याच. दाजींनी आईच्या खोलीभोवती त्या रेघांवर खुंट्या मारून जमिनीलगत दोरी ताणली, दाराच्या जागी तेवढी मोकळी सोडली. मी विचारले, हे कशाला? म्हणाले, "फक्की तुमका दिसता. काकीक खंय दिसता?" आणि आईला चपला काढायला सांगून हाताला धरून आणले.

"काकी, ही तुजी खोली. हय तुजी खाट. आता सकाळ झाली. खंय जातलस?"

"खंय म्हणजे? बावीर."

आमच्या विहिरीच्या काठाला तिची अबोली आहे. रोज सकाळी बोटांनी चाचपून ती फुले काढते. नजर गेल्यापासून कुणाचा हात न धरता ती जाते अशी ती एवढीच जागा. तिने समुद्रावरून येणारा वारा गालावर घेतला, त्या बाजूला वळली आणि सरळ चालू लागली. सहा-सात पावलांवर दोरी पायाला लागली. ती थांबली, पावलाने दोरी चाचपली.

"ह्या काय रे?"

"भिंत."

"हय भिंत कोणी घातल्यान?"

"तुज्या झिलान."

गवंडी माझ्याकडे बघून तोंड फिरवून हसला. आई हसली नाही. पुढच्या खोलीतून, पोर्चमधून, घराला वळसा घालून विहिरीवर कसे जायचे ते दाजींनी तिला चालवून दाखवले. दोनदा ती चुकली. तिसऱ्यांदा म्हणाली, "नको. मी आपली खोलयेतच रवान." इतक्या साधेपणाने म्हणाली. चूक माझी होती, तरी मी दाजींवरच चिडलो. नकाशा बदलायचा म्हणजे परवानगी पुन्हा, पावसाळा तोंडावर, एक हंगाम जाणार. मी म्हणालो, "हे तुम्ही आधी सांगायचं होतं." ते म्हणाले, "माझाय चुकला. कागदार सगळा बरोबर होता, म्हणान मीय फसलंय. काम एक पावस रवात, मास्तरानू. पण घर एकदा बांधल्यार ता जल्मभर तसाच रवतला."

काम एक पावसाळा थांबले. पोर्च गेले, न्हाणीघर कोपऱ्यात सरकले आणि आईच्या खोलीला मागचे दार आले. खाटेपासून दार आणि दारापासून विहीर, एका सरळ रेषेत. नवा नकाशाही त्यांनी आधी दोरीने जमिनीवर काढला, आईला त्यातून चालवले आणि मगच कागदावर उतरवला. दोरी आमच्याकडेच राहिली. "घर पुरा झाला काय न्हेतंय," म्हणाले. वास्तुशांतीला आले, जेवले, आईने दिलेला अबोलीचा वळेसर लेकीच्या केसांत माळायला घेऊन गेले, दोरी विसरले. ती मागच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असे. बाहेर पडताना आईचा हात आधी दोरीला लागे, मग कडीला.

ते गेल्याचे कळल्यावर मी दोरी रेश्माला द्यायला निघालो होतो. ती म्हणाली, "राहू दे, सर. लागली तर मागून घेईन." बापाच्या खुर्चीवर आता तीच बसते. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. माझ्या त्याच सहकाऱ्याचे काम तिने घेतले आहे. त्याचे वडील आजारपणानंतर काठी घेऊन चालतात. "सर, दोरी हवी होती," एवढेच म्हणाली. मी आईला सगळे सांगितले. तिने स्वतः उठून खिळ्यावरून वेटोळे काढले, कितीतरी वेळ मांडीवर घेऊन बसली, मग माझ्या हातात दिले. "दी तिका. आणि सांग, आदी त्या म्हाताऱ्याक चलय म्हणान."

खिळा आता रिकामा आहे. सकाळी आईचा हात अजून आधी तिथेच जातो, क्षणभर थांबतो... मग कडी निघाल्याचा आवाज येतो, आणि ती सरळ विहिरीकडे चालू लागते.