तेलाची पट्टी

दवाखान्यातला कंपाउंडर घरी कॉम्प्युटर गेममधलं लढाऊ विमान तळहातावरच्या फोडासारखं जपायचा. इंजिन पुरेसं तापल्याशिवाय उड्डाण नाही. शत्रू शेपटीला लागला तरी याचा डोळा तेलाच्या काट्यावर. "जास्त रेटलं की इंजिन जळतं," असं बायकोला वर ऐकवायचा. ती म्हणायची, "अहो, माझी स्कूटर खडखडतेय, जरा बघा ना." "बघतो गं," म्हणायचा आणि स्वारी पुन्हा आकाशात.

आज ती भर उन्हात बंद पडलेली स्कूटर ढकलत घरी आली. त्याने इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून पाहिली, तर कोरडी ठाक. इंजिन जाम झालं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोने घाम पुसला आणि टोमणा नाही, काही नाही, नेहमीसारखंच विचारलं, "तुमचं विमान उतरलं ना नीट?"