केळीच्या पिठाची कंपनी

वकिलांच्या बाररूममध्ये किस्से कसे साठतात याचा कोणी विचार करत नाही. पक्षकार येतात, रडतात, भांडतात आणि निघून जातात. त्यांच्यामागे एखादं वाक्य तेवढं खुर्चीत बसून राहतं. धुळ्याच्या कोर्टात मी इतकी वर्षं काढली, पण कुठलाही जुना वकील भेटला की चहा यायच्या आधी एकाच खटल्याचा विषय निघतो. तो खटला म्हणजे तापीतीर बनाना फ्लोअर कंपनी लिमिटेड.

मी तेव्हा नानासाहेबांचा ज्युनिअर होतो. नानासाहेब फौजदारीतले नावाजलेले वकील. अंगाने किरकोळ, आवाज मात्र पांझरा नदीच्या पलीकडे जाईल असा. आरोपी होते वामनराव. आधी शिवणयंत्रांचे एजंट म्हणून गावोगाव फिरायचे. फिरता फिरता त्यांच्या डोक्यात आलं की सावदा-रावेरकडे एवढी केळी पिकते, ती वाळवून पीठ करावं आणि विलायतेला पाठवावं. तिकडच्या तान्ह्या मुलांना म्हणे केळीच्या पिठाची पेज फार मानवते. कंपनी निघाली, शेअर निघाले, वामनरावांना लोक ‘डायरेक्टरसाहेब’ म्हणू लागले. पूर्वेकडच्या केळीवाल्यांनी शेअर घेतले, धुळ्याकडच्या कपाशीवाल्यांनीही घेतले. एक कारखाना तेवढा निघाला नाही.

नानासाहेबांचं मत होतं की माणूस सुरुवातीला खराच होता. पिठाच्या यंत्राची विलायतेत चौकशी त्याने खरोखर केली होती. मग पैसे पगारात, ऑफिसात आणि मोटारभाड्यात संपले, आणि ते कबूल करायची त्याला लाज वाटली. त्या लाजेपोटी त्याने भागीदारांना चाळीसगावकडचं कपाशीतली सरकी काढायचं एक बंद पडलेलं जिन दाखवलं. दारावर कंपनीचं फडकं लावलं आणि हाच आपला कारखाना म्हणून सांगितलं. तिथे मात्र तो फसवणुकीच्या कलमात सापडला.

*

खटल्याचा पहिला दिवस. आमचे मॅजिस्ट्रेट कोकणातले, नुकतेच बदलून आलेले. फिर्यादी उभा राहिला. डोक्याला पांढरं पागोटं, हातात काठी.

“नाव?” मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

“दगा.”

“तो आरोप झाला. नाव सांगा.”

“दगाच, सायेब.”

मॅजिस्ट्रेटनी पेन खाली ठेवलं. “हे पाहा, दगा झाला की नाही ते मी ठरवणार. तुम्ही फक्त नाव सांगा.”

शेवटी नानासाहेब उठले. आपल्याच विरुद्धच्या साक्षीदारासाठी. म्हणाले, “साहेब, आमच्याकडे मूल जगावं म्हणून दगा, धुडकू, उखा अशी नावं ठेवतात. हे दगा पाटील. गावात यांना दगाआबा म्हणतात.”

मॅजिस्ट्रेटनी नाव लिहून घेतलं आणि आरोपीकडे वळून म्हणाले, “म्हणजे दगा तुमच्याआधीपासून आहे तर.”

*

दगाआबांची उलटतपासणी नानासाहेबांनी घेतली. आबा जन्मभर कपाशी पिकवणारे. जिनात गाड्या नेऊन नेऊन केस पांढरे झालेले. तेव्हा नानासाहेबांना वाटलं, इथे साक्ष मोडता येईल.

“आबा, आरोपीने तुम्हाला कारखाना दाखवला?”

“दखाडा.”

“ते कपाशीचं जिन आहे हे तुम्हाला कळलं नाही?”

“कळनं ना. दारमा पाय ठेवताच कळनं.”

नानासाहेबांचा चेहरा उजळला. जो फसलाच नाही त्याची फसवणूक कशी होणार?

“मग तुम्ही तिथल्या तिथे बोलला का नाहीत? उलट घरी जाऊन आणखी शेअर घेतलेत.”

आबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “डायरेक्टरसायेब इतलं गोड समजाडी राह्यंतात, मधमा बोलणं बरं दिखनं नही.”

नानासाहेब खाली बसले. जेवणाच्या सुटीत मला म्हणाले, “या उत्तराला इंग्लंडातसुद्धा तोड निघायची नाही.”

*

खटला चालू असताना एक गंमत झाली. धुळ्याच्या देवपुरात कंपनीचं एक भाड्याचं ऑफिस होतं आणि त्यावर मोठी पत्र्याची पाटी होती. ऑफिस बंद पडलं, खुर्च्या घरमालकाने उचलल्या, पाटी तेवढी लटकत होती. एका गवंड्याच्या हाताखालच्या धुडकू नावाच्या माणसाने ती काढली आणि छप्पर म्हणून आपल्या शेळ्यांच्या गोठ्यावर टाकली. पोलिसांनी त्याला धरलं. पाटीवरची अक्षरं रस्त्यावरून वाचता येत होती, त्यामुळे तपास फार लांबला नाही.

चोरीचा खटला त्याच मॅजिस्ट्रेटपुढे त्याच सकाळी लागला. माल कंपनीचा आहे हे शाबीत करायला साक्षीदार कोण? डायरेक्टरसाहेब. तेव्हा वामनराव आधी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले, आणि ते काम संपलं की समोर आरोपीच्या पिंजऱ्यात जाणार होते.

“चोरीला गेलेली पाटी कंपनीची आहे?”

“होय, साहेब.”

“कंपनीची एकंदर किती मालमत्ता चोरीला गेली?”

वामनरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. “सगळी, साहेब.”

धुडकूला बोलायचं आहे का, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, “पाटी बठ्ठासनी देखेल शे. कारखाना कोनी देखेल नही. मी कारखानाले हात लायना नही.”

त्याला काही महिन्यांची सक्तमजुरी झाली.

*

आता गोदाअक्कांची गोष्ट सांगायलाच हवी. कोर्टामागे अक्कांची खानावळ होती. मूळच्या यावलकडच्या. नवरा लवकर गेला, तेव्हापासून चुलीवरच संसार उभा केलेला. आम्ही निम्मे वकील तिथेच जेवायचो. वामनरावही जेवायचे. जेवता जेवता त्यांनी अक्कांनाही शेअर घ्यायला लावले होते. अक्कांनी लग्नातल्या पाटल्या मोडल्या. खानावळीची जागा भाड्याची होती, ती विकत घ्यायची त्यांची फार इच्छा. कंपनीला नफा झाला की घेऊ, असा बेत. तो बेत गेलाच आणि पाटल्याही गेल्या. अक्का याबद्दल कोणाशी बोलल्या नाहीत. वाढताना मोकळा हात पदराआड घ्यायच्या एवढंच.

वामनराव जामिनावर होते. जामिनावरच्या माणसालाही भूक लागतेच. एके दुपारी ते सरळ आत येऊन पंगतीला बसले. आमचे सगळ्यांचे हात थांबले. अक्कांनी त्यांच्यापुढे ताट ठेवलं, पाणी ठेवलं. पुढच्या ताटांना भाजी वाढली, मागच्या ताटांना वाढली. वामनरावांचं ताट कोरडंच.

थोडा वेळ वाट पाहून ते म्हणाले, “अक्का, भाजी?”

“निघाली हाये,” अक्का म्हणाल्या. “बोटीवर हाये.”

यंत्राबद्दल कोणी विचारलं की वामनराव दोन वर्षं हेच उत्तर देत होते, हे पंगतीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

“बरं, भाकरी तरी.”

“ती एडनच्या बंदरात अडकली.”

कोणी हसलं नाही. वामनरावांची मान खाली गेली. ते उठले नाहीत. आमची जेवणं झाली, आम्ही हात धुतले, तरी ते रिकाम्या ताटापुढे बसलेलेच. मी छत्री विसरलो म्हणून परत गेलो तर अक्का त्यांना वाढत होत्या. गरम भाकरी, वांग्याची भाजी, वर तेल.

पैसे मात्र अक्कांनी आधी घेऊन ठेवले होते.

*

गुन्हा शाबीत झाला. शिक्षा किती द्यावी यावर नानासाहेबांनी असं भाषण केलं की शिरस्तेदारांनी चष्मा पुसला. आरोपी घरंदाज आहे, शिकलेला आहे, त्याची अब्रू गेली हीच शिक्षा आहे, त्याला तुरुंगात टाकून भागीदारांच्या पदरात काय पडणार?

मागच्या बाकावरून दगाआबा उठले. “हाई वकीलसायेबनं खरं शे. याले तुरुंगमा टाकीसन आम्हले काय भेटी?”

नानासाहेबांनी हात पसरले. फिर्यादीच आपल्या बाजूने बोलतोय, याहून जास्त काय हवं?

“तेले मना वावरमा धाडा,” आबा पुढे म्हणाले. “दोन पावसाळा कपाशी निंदी. मंग आम्ही बठ्ठा तेले माफ करतस.”

मॅजिस्ट्रेटनी विचारलं, “आरोपीची याला तयारी आहे का?”

वामनरावांनी आबांच्या हातांकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे पाहिलं. “साहेब, तुरुंगच द्या.”

दीड वर्षाची कैद झाली. साधी, मजुरीशिवाय.

त्या संध्याकाळी बाररूममध्ये वाद पेटला. कोणी म्हणे, शिक्षा फार झाली, पैसे बुडाले म्हणून माणसाला कोंडायचं तर निम्मी बाजारपेठ आत जाईल. कोणी म्हणे, फार कमी झाली. पाटी चोरणाऱ्याला सक्तमजुरी आणि पाटी दाखवून चोरणाऱ्याला साधी कैद, हा कुठला न्याय?

मी विचारलं, “तुमचं काय मत, नानासाहेब?”

“कमी झाली,” ते म्हणाले.

“अहो, तुम्हीच तर कमी मागितलीत.”

“ते वकील म्हणून. आता भागीदार म्हणून बोलतोय. कंपनीचं कायदेशीर काम पहिल्यापासून मीच बघत होतो. माझी फी तो शेअरमध्ये देत आला.”

*

कंपनी गुंडाळण्याच्या कागदांवर वामनरावांच्या सह्या हव्या होत्या, म्हणून मी मुलाखतीच्या दिवशी तुरुंगात गेलो. फाटकाशी दगाआबा बसलेले. शेजारी आणखी तीनचार भागीदार. प्रत्येकाच्या मांडीवर केळ्यांची फणी.

“आबा, तुम्ही इथे?”

“देखाले उनूत. तो जगाले पाहिजे. मरी गया ते पैसा कोनले मांगाना?”

भाकरी आत नेऊ देत नाहीत, फळं चालतात, असं जेलरने सांगितलं होतं. आणि सगळ्यात स्वस्त फळ कोणतं, हे जळगाव-धुळ्यात कोणाला सांगावं लागत नाही.

वामनराव आले. अंगाने चांगले भरलेले, पण डोळे खोल गेलेले. भागीदारांनी गजांपाशी केळी मांडली. त्यांनी हात जोडले. “आबा, दर वेळी केळी आणता. मला आता स्वप्नातसुद्धा केळीच दिसतात.”

“आम्हले बी,” आबा म्हणाले.

सह्या झाल्यावर वामनरावांनी मला जवळ बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाले, “अक्कांच्या हातात पाटल्या आल्या का हो परत?”

“कुठून येणार?”

त्यांनी गज धरले. मग म्हणाले, “इथे मला कोणी काम सांगत नाही. दिवसभर नुसतं बसायचं. त्यापेक्षा आबांचं शेत बरं होतं.” हे ते मनापासून बोलले, असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

बाहेर पडताना शिपायाने सांगितलं की धुडकूही याच तुरुंगात आहे, त्याला दळणाचं काम दिलंय. मी ते नानासाहेबांना सांगितलं. नानासाहेब कितीतरी दिवसांनी मोकळे हसले.

“म्हणजे कंपनीचं पीठ एकदाचं निघालं. दळतोय धुडकू, खातायत डायरेक्टर.”

*

वामनराव सुटायचे ते दिवस कायदेभंगाचे. तुरुंग सत्याग्रह्यांनी भरलेले. आत जाणं ही मानाची गोष्ट झाली होती, सुटून येणाऱ्यांच्या मिरवणुका निघत. नानासाहेब म्हणाले, “बिचाऱ्याला घ्यायला कोणी येणार नाही. आपण जाऊ.” वामनरावांचे जुने कपडे आता अंगाला होत नव्हते, म्हणून आम्ही बाजारातून धोतर, सदरा आणि टोपी नेऊन आदल्या दिवशी आत पोचवली. त्या दिवसांत दुकानात खादीच मिळाली.

फाटकाशी पोचतो तर ही गर्दी. ढोल, झेंडे, हारांच्या टोपल्या. त्याच सकाळी सत्याग्रह्यांची एक तुकडी सुटणार होती. आमच्यासारखेच दगाआबा आणि चारपाच भागीदार कडेला उभे होते. डायरेक्टर सुटून परस्पर मुंबईला पळू नये, म्हणून ते आले होते.

फाटक उघडलं. वाळलेले, दाढी वाढलेले सत्याग्रही बाहेर पडू लागले, आणि त्यांच्या मधोमध, पांढऱ्याशुभ्र खादीत, गोरेगोमटे, भारदस्त वामनराव. पुढारी कोण हे गर्दीने एका नजरेत ठरवलं. पहिला हार त्यांच्या गळ्यात पडला. ते “अहो, नाही, नाही” म्हणत होते आणि लोक म्हणत होते, काय हा विनय. बघता बघता त्यांना उचलून बैलगाडीवर उभं केलं.

नानासाहेबांनी माझा दंड घट्ट धरला. “काही बोलू नकोस. आता काही सांगितलं तर लोक त्याला मारतील.”

एक तरुण स्वयंसेवक हातात कर्णा घेऊन गाडीवर चढला. “मंडळी, शांत व्हा. आम्ही मिठाचा कायदा मोडला. कोणी जंगलाचा मोडला.” मग वामनरावांकडे वळून अदबीने म्हणाला, “साहेब, आपण कोणता मोडलात?”

कर्णा तोंडापुढे आला. वामनरावांनी चारी बाजूंना पाहिलं. नानासाहेब दिसले, मी दिसलो, दगाआबा दिसले. खोटं बोलायची इच्छा त्यांना राहिली नसावी.

“कंपनीचा,” ते म्हणाले.

मग गर्दीतून एक आरोळी उठली, “कंपनी सरकार...”

“मुर्दाबाद!”

सगळं मैदान दणाणलं. पुन्हा आरोळी, पुन्हा मुर्दाबाद. मी वळून पाहिलं. दगाआबांनी पागोटं सावरलं होतं, काठी उंच धरली होती, आणि त्या हजारो माणसांत सगळ्यात मोठा आवाज त्यांचा होता.