आबांचं पोलादी मन

छगनआबा कुणाच्याही ओट्यावर बसले की बशीत चहा ओतायचे, फुंकर मारायचे आणि त्या घरातल्या दुःखी माणसाला उपदेश करायचे. न विचारता. कुणाचा नवरा गेलेला असो, कुणाला आठ-आठ दिवस झोप नसो, आबांचं औषध एकच : "मन घट्ट कर. बाकी सारं झूट शे." ते माझे चुलत सासरे. शहाद्याजवळच्या आमच्या गावात त्यांना मोठा मान. मला मात्र त्यांचा मनापासून तिटकारा होता, आणि ते गेले म्हणून तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

कारण माझी धाकटी जाऊ, सुनंदा. पाच वर्षांपूर्वी पोळ्यानंतर तिच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. एका दिवसात अख्ख्या गल्लीचे पापड लाटले, घराला स्वतः रंग दिला, साठ माणसांना जेवायला बोलावून मोकळी झाली. झोप नाही, थकवा नाही, तोंड तर बंदच होईना. आबा म्हणाले, "सून ऱ्हावो ते अशी!" आम्हीही फुशारलो. दिवाळी सरली आणि बाई आडवी झाली. केस विंचरायची नाही, ताटातली डाळ वाळून जायची. तेव्हा आबा म्हणाले, "आळस शे. कामले लावा." गावाची अक्कल एवढीच. उडाली तर लक्ष्मी, पडली तर आळशी.

मी तिला सुरतेला नेलं. शहाद्यात मनाच्या दवाखान्याची पायरी चढली की संध्याकाळच्या आत गावाला कळतं, म्हणून सुरत. म्हणजे मीही काही मोठी धाडसाची नव्हते. तिथे आम्ही फक्त पडलेले दिवस सांगितले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, याआधी कधी झोपेशिवाय, फार आनंदात होती का? मी कौतुकाने पापडांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, तेही आजारपणच. ते कळलं नसतं आणि नुसत्या उदासीच्या गोळ्या दिल्या असत्या, तर ही पुन्हा उडाली असती. आजाराचं नाव बायपोलर. गोळी रोज, रक्ताची तपासणी वेळच्या वेळी, आणि बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायचं नाही.

चार महिन्यांत सुनंदा माणसांत आली. गोळी ती ओसरीवर, सगळ्यांसमोर घ्यायची. आबांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी हजर. "गोळी खाईसन हासस तो मानूस नही हासत, गोळी हासस. फेक ते डबडं!" चार बायका फिदीफिदी हसल्या. सुनंदाने गोळ्या बंद केल्या, मला सांगितलंही नाही. दीड महिन्यात अशी कोसळली की एका दुपारी जीव द्यायला निघाली. शेजारणीने वाटेत हात धरला म्हणून आज आहे. आबा भेटायला आले आणि म्हणाले काय, "पोरनं मन कच्चं शे." लाज म्हणून नाही.

पुन्हा सुरत. दवाखान्याच्या बाकावर टोपी खिशात कोंबून, तोंडाला रुमाल लावून एक म्हातारा बसलेला. आतून गुजरातीत हाक आली, "छगनभाई, लोहीनो रिपोर्ट लाव्या?" म्हणजे रक्ताचा. म्हातारा उठला. आबा!

सुनंदा सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "किती वरीसपाईन खातस, आबा?"

"बारा."

"मंग माले कसाले बंद कराले लावं?"

आबा रुमालाआडून म्हणाले, "तू सारासमोर खाये. लोके मंग घरेघर पाहतीन, मन्हंबी उघडं पडी, असं वाटनं." आणि लगेच, "गावमा सांगू नका."

दया यायला हवी होती. आली नाही. आजारासाठी मी कुणाला नावं ठेवत नाही. पण स्वतःचा जीव गोळीवर राखून दुसऱ्याच्या हातातली गोळी काढून घेणारा माणूस माझ्या लेखी भेकडच. तरी सुनंदा म्हणाली, आजार त्यांचा, सांगायचा तर त्यांनी सांगावा. आम्ही गप्प बसलो. आबा मात्र ओट्याओट्यावर तेच बोलत राहिले, आणखी चार वर्षं.

यंदा उन्हाळ्यात ते हृदयविकाराने गेले. बाराव्या दिवशी गंधमुक्तीला मांडवात भाषणं झाली. एक पुढारी म्हणाले, "आबांचं मन पोलादी. उभ्या जन्मात त्यांनी मनाची गोळी घेतली नाही."

सुनंदा ताडकन उठली. "घेतली. मन्हाच डॉक्टरकडे. घेतली म्हनीसनच इतलं काम करी सकनात."

आबांचा थोरला मुलगा अंगावर धावून आला. "खाले बस! बापनी इज्जत काढस?"

तोच बायकांतून काकू उठल्या, आबांच्या बायको. जन्मात चारचौघांत न बोललेली बाई. "खरं शे. मीच रोज दिऊ." मग त्यांनी खांबाला टेकलेल्या धाकट्या मुलाकडे, किसनकडे बोट केलं. पस्तिशीचा गडी, दाढी वाढलेली, तीन महिने शेतात पाऊल नाही. "याले बी तेच व्हयेल शे. दवाखानामा चाल म्हनं, ते म्हनस, मन्हा बापनी कधी गोळी खादी का? आनि तो बाप बाजूलेच बसेल व्हता. तोंडमाईन शब्द काढा नही."

सुनंदा किसनजवळ जाऊन बसली. "सकाय सुरतले जासूत. मी येस संगे."

किसनने मान वर केली, पण तिच्याकडे नाही, आईकडे. "बाबा खरंच खाये?"

"रोज," काकू म्हणाल्या. "तुन्हाकडे पाठ करीसन."