कोपऱ्यातली हिरवी काच

"ऱ्हाऊ दे. उद्या."

हे म्हणताना काका उजव्या हाताचा पंजा असा हलवत, जणू समोरच्याच्या नाकावरची माशी न दुखवता बाजूला करताहेत. तुमच्याही गल्लीत असं एकच वाक्य घेऊन जगणारा कुणीतरी असेल. आमच्या बेटावरच्या क्वात्र बॉर्न गावातल्या गल्लीत ते होते. दारापुढची फांदी तोडायची असो की देवळातला दिवा लटकवायचा असो, शेवटचा खिळा उरला की काका म्हणणार, "ऱ्हाऊ दे. उद्या." पोरांनी त्यांचं नाव क्रिओलमध्ये ठेवलं होतं, तोंतों दिमें. उद्याकाका.

माझं मराठी देवळातल्या वर्गात शिकलेलं आहे आणि घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. त्यामुळे लिहिताना हात अडखळतो. पण त्यांच्याबद्दल गल्लीत जे बोललं जायचं ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं बहुधा मलाच माहीत आहे. म्हणून लिहिते.

काका काचघरांची छपरं धुवायचे. क्यूरपीपच्या बाजूला थंडी आणि पाऊस फार. तिकडच्या मोठ्या घरांना मागच्या अंगाला काचेची खोली असे, आत नेचे आणि आंथुरियमची फुलझाडं. वर्षभरात छपरावर शेवाळ धरून आतली खोली विहिरीसारखी हिरवी होई. ते धुवायला काकांकडे काय होतं? घायपाताचा एक लांब दोर, गोणपाट, एक बांबू, नारळाची सोडणं, दोन बादल्या आणि साबणाची वडी. दोर बांबूच्या टोकाने उचलून छपराच्या आढ्यावरून पलीकडे टाकायचा. दोराच्या मध्यावर साबणाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट, आत सोडणं शिवलेली. एकाने इकडून ओढायचं, दुसऱ्याने तिकडून. गोणपाट छपरावरून वर जातं, आढं ओलांडतं, पलीकडे उतरतं आणि परत येतं. छपरावर पाय ठेवायचा नाही. काच फुटत नाही, माणूसही पडत नाही.

दोराचं दुसरं टोक काकी धरायच्या.

काकी म्हणजे त्यांची बायको. त्यांचा एकुलता एक मुलगा, लग्नाला आलेला, तापाने गेला, आणि त्यानंतर काकींनी बोलणं सोडलं. रडणंही सोडलं. भरवलं तर दोन घास खायच्या. दार उघडं दिसलं की चालू लागायच्या आणि मग कुणीतरी त्यांना उसाच्या शेतालगतच्या रस्त्यावरून हाताला धरून आणायचं. आई त्यांच्याकडे भाजी घेऊन जायची. येताना भांडं तसंच भरलेलं घेऊन परत यायची आणि तेच आम्हाला वाढायची.

काका रोज काकींना कामावर बरोबर नेत. लोक म्हणत, काय माणूस आहे, वेड्या बायकोकडून मजुरी करून घेतो. आणि वर हेही म्हणत की काम पुरं करत नाही. ते खरं होतं. छप्पर आरशासारखं करायचं आणि काकी उभ्या असतील त्या बाजूचा एक कोपरा तसाच हिरवा ठेवायचा. मालकीण बोट दाखवी. काका पंजा हलवत. दुसऱ्या दिवशी त्या एका कोपऱ्यासाठी पुन्हा दोघं बसने जात, बादल्या घेऊन. कधी तो कोपरा तिसऱ्या दिवशीही उरे. लोक कंटाळले. घरं एकेक करून सुटली.

मग वादळ आलं. बरीच काचघरं एका रात्रीत बसली. ज्यांनी पुन्हा उभी केली त्यांनी पत्रा घातला. काही घरांतली माणसं सगळं विकून ऑस्ट्रेलियाला गेली. काकांना काम उरलं नाही.

एका रविवारी सकाळी आम्ही पाहिलं तर काका स्वतःच्या घराचं पत्र्याचं छप्पर धुवत होते. तसाच दोर, तसंच गोणपाट. पलीकडे काकींना उभं केलं होतं. कोपऱ्यावरचा दुकानदार पायरीवर येऊन उभा राहिला.

"तोंतों, पत्रा काय धुतोस? त्याला पाऊस धुतो. फुकट."

"तिकडनं ओढ," काका काकींना सांगत होते. "ओढ गं. जरा ओढ."

काकींनी दोर हातात धरला होता, पण समोरच्या पत्र्याकडे बघत नुसत्या उभ्या होत्या. मग त्यांची मूठ सैल झाली. गोणपाट घसरत खाली आलं आणि काकांच्या पायावर पडलं. दुकानदार हसला. काका पुन्हा दोर टाकायला वळले. पुन्हा टाकला. पुन्हा तो काकींच्या हातात नेऊन दिला, बोटं एकेक करून मिटली. दुकानदार हसायचा थांबून आत गेला.

त्या संध्याकाळी ते आमच्या दारात आले. माझ्या हातात पुस्तक होतं.

"बाय, तुला फ्रेंच येतं नव्हं? चांगलं वालं?"

"येतं थोडं, काका."

"उद्या माझ्यासंगं चल. एक मादाम हाय. तिच्याकडं अजून काच हाय."

क्रिओल तर काका माझ्यापेक्षा झकास बोलत. पण त्यांना वाटत होतं, कॉलेजच्या फ्रेंचमध्ये मागितलं तर कुणी नाही म्हणणार नाही. मी सकाळी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून वाक्य घोकत होते. काकी पुढच्या बाकावर होत्या, मांडीवर दोराचं वेटोळं. काका माझ्याकडे झुकले आणि हळू आवाजात सांगू लागले. मी काही विचारलं नव्हतं.

सुरुवातीला दोराचा उपयोग वेगळाच होता. मुलगा गेला तेव्हा ते फळी टाकून छपरावर चढत. काकींना घरी सोडता येईना म्हणून आणून खाली उभं करत आणि एक दोर त्यांच्या हातात देत, दुसरं टोक स्वतःच्या कमरेला. दोर ताठ असला की कळायचं, आहे, गेली नाही. एकदा वरून खाली उतरून काका पलीकडची बाजू पुसत होते. दोर छपरावरून आडवा पडलेला, त्याला चुकून ओलं फडकं अडकलेलं. अचानक दोर ओढला गेला. फडकं शेवाळावरून सरकत वर गेलं आणि मागे एक स्वच्छ पट्टा उमटला. त्या पट्ट्यातून, आतल्या झाडांच्या वरून, पलीकडे काकींचा चेहरा दिसला. त्या काकांकडे बघत होत्या.

"ती बोलत न्हाई, बाय. तू बघतेसच. पन काचेच्या तिकडं उभी केली की बोलते."

"काय बोलतात?"

"हितं राहिलं, म्हनते."

"आणखी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "आनखी काय पायजे?"

बस चढ चढत होती. बाहेर बारीक पाऊस सुरू झाला.

"समदं पुरं झालं की दोर टाकते नि गेली, परत मुकी. मग दुसरं घर मिळस्तवर काय न्हाई. म्हनून कोपरा ठेवतो. कोपरा तिच्या डोक्यात ऱ्हातो. घरी जेवताना पन म्हनते, हितं राहिलं. मी म्हनतो, ऱ्हाऊ दे, उद्या. मग जेवते. उद्या हाय म्हनून जेवते."

"लोकांना सांगायचं ना, काका."

"काय सांगू? मादाम, तुमची काच मळकी ऱ्हाऊ द्या, माझी बायको जेवते?" ते किंचित हसले. "की पू फेर, बाय. करायचं काय."

मादाम म्हातारी होती, दारातच उभी राहिली. मी माझं घोकलेलं वाक्य म्हटलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि काकांकडे बघून सरळ क्रिओलमध्ये उत्तर दिलं. घर विकलं आहे. उद्या माणसं येऊन काचा उतरवणार. धुवून काय करायचं?

"ग्रातिस, मादाम," काका म्हणाले. फुकट.

"फुकट असलं तरी पाणी माझंच ना?"

"पावसाचं घेतो, मादाम."

ती माझ्याकडे वळली. हा माणूस काय मागतो आहे, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. ते सांगायला कॉलेजच्या फ्रेंचमध्ये मला शब्द सापडेना. मी नुसतं काकींकडे बोट केलं. त्या पावसात, दोर छातीशी धरून, काचघराकडे आधीच चालू लागल्या होत्या. मादामने त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ठीक आहे. पण तू तोच ना, कोपरे ठेवणारा? या वेळी पुरं कर. जाताना मला ते स्वच्छ बघायचंय."

मी काचघराच्या आत, कुंड्यांमध्ये उभी राहिले. डोक्यावर हिरवा अंधार. मग गोणपाट सरकल्याचा आवाज आला, जड, ओला, आणि एक उजेडाची पट्टी पडली. इकडून "तिकडनं ओढ", तिकडून काही नाही, पण दोर ताठ. पट्टी रुंद होत गेली. दुपारपर्यंत मला दोघंही दिसू लागले. डावीकडे काका, उजवीकडे काकी. पावसाने केस चिकटलेले, दोघंही धापा टाकत. काकींचा चेहरा मी एवढ्या जवळून जागा असा कधी पाहिला नव्हता.

शेवटी एक काच उरली. उजव्या कोपऱ्यातली, बोटभर जाड शेवाळाची.

"हितं राहिलं," काकी म्हणाल्या. स्पष्ट आवाज होता, थोडा खरखरीत, शेजारणीशी बोलावं तसा.

काका दोर धरून थांबले.

"हितं राहिलं," त्या पुन्हा म्हणाल्या आणि बोट लावून दाखवलं.

खिडकीतून मादाम बघत होती. मी काचेतून काकांकडे पाहिलं. उद्या इथे काहीच नसणार हे त्यांना माहीत होतं. पुरं केलं तर काकी आत्ता जाणार, नाही केलं तर उद्या. त्यांचे ओठ हलत होते, पण ते कुणाशी बोलत होते ते मला कळलं नाही. मग त्यांनी पंजा उचलला.

"ऱ्हाऊ दे. उद्या."

खिडकी बंद झाल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले, काका काकींना घेऊन तिकडे. संध्याकाळी ते बसमधून उतरले तेव्हा त्यांच्या छातीशी गोणपाटात गुंडाळलेली एक काच होती. काचा उतरवणाऱ्यांना विनवून त्यांनी ती मागून घेतली होती. कंडक्टर काच घेऊन बसमध्ये चढू देईना, म्हणून दोन बस सोडाव्या लागल्या. आल्या आल्या त्यांनी काकींच्या खाटेच्या वर येणारा छपराचा पत्रा कापला आणि तिथे काच बसवली. न धुता, शेवाळाची बाजू वर ठेवून. ती नीट बसली नाही. पाऊस आला की खाटेजवळ भांडं ठेवावं लागे.

पण आमच्या दोन्ही घरांमधल्या भिंतीपलीकडून आईला आता रोज ऐकू येऊ लागलं.

"हितं राहिलं."

"ऱ्हाऊ दे. उद्या. जेव आता."

बरेच महिने हे चाललं. मग आमच्या खालच्या अंगाच्या गावातल्या उन्हात शेवाळ वाळून गळू लागलं. क्यूरपीपचा ओलावा इथे कुठून आणणार? काच आपोआप स्वच्छ व्हायला लागली. एकदा पहाटे मी बससाठी निघाले तर काका शिडीवर होते, हातात तांदळाच्या धुवणाचं भांडं. जन्मभर शेवाळ काढणारा माणूस काचेवर ते धुवण ओतत होता, थोडं थोडं, बाळाच्या डोक्यावर घालावं तसं.

"धरंल का गं, बाय? तुमच्या पुस्तकात काय म्हनतात?"

मी म्हटलं, सावली हवी. त्यांनी काचेवर केळीचं पान बांधलं. मग आत उजेडच येईना. पान काढलं. पुन्हा धुवण. घरात आंबूस वास भरून राहिला. काकींना वरचा कोपरा दिसत होता की नाही, सांगता येत नाही. त्या खाटेवरून उठेनाशा झाल्या होत्या.

"काय राहिलं गं?" भिंतीपलीकडून काकांचा आवाज यायचा. "वर बघ. सांग की. काय राहिलं?"

ऊसतोडणीच्या दिवसांत काकी गेल्या. त्या आठवड्यात शेवाळ धरलं होतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

सगळे विधी उरकल्यानंतरच्या सोमवारी मी पुस्तकं घेऊन बाहेर पडले, तर काका घराच्या या बाजूला उभे होते. बादली भरलेली. बांबूने उचलून दोर आढ्यावरून टाकलेला. त्यांनी दोर ओढला, गोणपाट काचेवरून सरकत त्यांच्याकडे आलं. मग ते दोर खाली ठेवून घराला वळसा घालून मागे गेले. थोड्या वेळाने गोणपाट परत वर चढलं. मग ते पुन्हा पुढे आले.

"काका, तिकडचं टोक मी धरू?"

"नको, बाय. तुझी बस जाईल."

त्यांनी ओढलं आणि पुन्हा घरामागे गेले. मी थांबले. गोणपाट आढ्यापाशी होतं, त्यातून पाणी गळत होतं. काच जवळजवळ साफ झाली होती, एक कोपरा सोडून. मी दोराकडे बघत राहिले. दोर हलला नाही. बस आली आणि गेली.

शेवटी मी मागे गेले. काकी जिथे उभ्या राहायच्या तिथे काका उकिडवे बसले होते. दोराचं टोक दोन्ही मुठींत घट्ट धरलेलं.

"काका," मी म्हटलं. "हितं राहिलं."

त्यांनी मान वर केली नाही. पंजा उचलायला मूठ सोडावी लागली असती, ती त्यांनी सोडली नाही.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

पुढचा शब्द यायची मी वाट पाहिली.