मिठागराचे अकरा बिल्ले

सगुणा भोईर कुणाला घाबरली असं ठाण्यात कुणी सांगायला लागलं, तर खुशाल समजावं की तो माणूस थापा मारतोय. कोलशेतच्या अलीकडच्या पाड्यातली ही आगरीण. पन्नाशी उलटलेली, पुढचे चार दात पडलेले, पण आवाज असा खणखणीत की टेंभी नाक्यावर तिने सुक्या जवल्याची हाक दिली की माडीवरच्या बायका ताट घेऊनच खाली उतरायच्या. नवरा काळुराम खाडीच्या तापाने गेला तेव्हा ही तिशीची होती. त्यानंतर वीस वर्षं तिने मिठागरावर पाट्या वाहिल्या. पुढे मालकाने आगर मोडलं, जागा विकली, आणि आगराच्या बायका उघड्यावर आल्या. कुणी भाजी घेऊन बसली, कुणी वीटभट्टीवर गेली. सगुणाने डोक्यावर सुक्या मासळीची टोपली घेतली.

गोष्ट आहे नवे पैसे आले त्या सालची, म्हणजे सत्तावन्नची. आणे आणि जुने पैसे जाणार म्हटल्यावर लोकांना एकाएकी जुन्या नाण्यांचा पुळका आला. ज्या शिवराया पोरं गोट्यांसारख्या उडवायची, त्या लोक धुऊन-पुसून कपाटात ठेवायला लागले. आणि ठाण्यात नाण्यांचं नाव काढलं की प्रभाकरपंत ताम्हाण्यांचं नाव निघायचंच. पंत कोर्टात शिरस्तेदार होते, आता निवृत्त. ओटीवर भिंग, सोनाराचा तराजू आणि हिरवी लोकरी बनात अंथरलेलं टेबल मांडून बसायचे. शिवराई, फिरंग्यांची नाणी, राजाच्या तोंडाच्या नोटा, देवस्थानांचे बिल्ले, काय वाट्टेल ते आणा, पंत पारखून सांगायचे. माणूस सज्जन. फक्त एकदा मत झालं की ते ब्रह्मदेवालाही बदलता यायचं नाही.

त्या दिवाळीनंतर पंतांनी लिलाव ठरवला. मुंबईहून व्यापारी येणार होते, शाळेचा हॉल घेतला होता, यादी छापायला जायची होती. सगुणा त्यांच्या ओटीवर बोंबील मोजत होती आणि बोलता बोलता तिची नजर टेबलावर गेली. बनातीवर शिशाच्या चकत्या मांडलेल्या होत्या. रुपयाहून मोठ्या, वर गलबताचं चित्र. तिने विचारलं, हे आमच्या आगराचे बिल्ले इथे कुठून आले? पंत खूश झाले. म्हणाले, कल्याणच्या बाजारातला महिपत दलाल घेऊन आला, चाळीस आहेत, असा बिल्ला आजवर कुठल्याही लिलावात आलेला नाही. तुमच्याकडे असतील तर आणा, यादीत घालतो.

हे बिल्ले म्हणजे काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वाया. आगरावर बाईला कामाला घेतलं की विश्राम मुकादम तिच्यापुरता एक बिल्ला ओतायचा. एक बाई, एक बिल्ला. बिल्ला दिसला नाही तर पाटी मोजली जायची नाही. आता डोक्यावर ओल्या मिठाची पाटी, ती धरायला दोन्ही हात वर, आणि गलबतावर चढायला वीतभर रुंदीची फळी. बिल्ला दाखवायचा कसा? गळ्यात दोऱ्याला बांधावा तर खाऱ्या पाण्याने दोरा आठ दिवसांत कुजायचा आणि बिल्ला चिखलात जायचा. म्हणून बायका तो दातांत धरायच्या. वर्षानुवर्षं, एकाच जागी, त्याच दातांत. मुकादमाला तेही बरंच वाटायचं, कारण तोंडात शिसं असलं की बाईला उलट बोलता येत नाही. मेल्याला काय कमी शिव्या नव्हत्या, पण सगळ्या बायकांच्या पोटातच राहिल्या. हंगाम संपला की बिल्ला बाईने घरी न्यायचा आणि देवाच्या फळीवर ठेवायचा, पुढच्या सालची जागा राखून राहावी म्हणून. आगर मोडलं तरी कुणी तो फेकला नव्हता.

त्यामुळे पाड्यातल्या बायकांकडून बिल्ले काढून घेणं सोपं नव्हतं. सगुणा आठ दिवस घरोघर फिरली. हौसाबाई म्हणाली, देवाच्या फळीवरची वस्तू बाजारात कशी न्यायची. शकू म्हणाली, नवऱ्याला विचारते. बायजा तर सरळ भांडायलाच उठली. बायजा म्हणजे सगुणाच्या शेजारची, आगरावर तिच्याच मागे फळीवर चढणारी, आणि संशयी अशी की स्वतःची सावली जरा लांब पडली तरी मागे वळून बघणारी. पण सगुणाने प्रत्येकीला एकच सांगितलं. आपण तिथे राबलो हे कुठल्या कागदावर नाही. निदान या यादीत तरी येऊ दे. शेवटी दहा जणींनी दिले. स्वतःचा धरून अकरा बिल्ले फडक्यात बांधून सगुणा पंतांकडे गेली.

पंतांनी एकेक बिल्ला तराजूत टाकला, भिंगाखाली धरला. महिपतच्या बिल्ल्यांशी ताडून पाहिला. त्याचे वजनाला सारखे, गलबताचं शीड कसं रेखीव, कड गोल. हिचे सगळे हलके, कुणी पाव तोळ्याने, कुणी त्याहून जास्त. चित्र पुसट, कडा चेपलेल्या, खड्डे पडलेले. पंतांना शंका उरली नाही. अस्सलावरून कुणीतरी ओतलेली ही नक्कल, हलकं वजन आणि पुसट चित्र हीच तिची खूण, असं त्यांनी समजावून सांगितलं आणि कागदावर सगुणा भोईर या नावापुढे मोठ्या अक्षरात लिहिलं, खोटे. वर दिलासा दिला की बाई, तुम्हाला कुणीतरी फसवलं असेल, मनाला लावून घेऊ नका.

सगुणाला वाचता येत नव्हतं, पण कान होते. ती म्हणाली, हे बिल्ले आमच्या तोंडातले आहेत. पंतांनी ते शब्दशः घेतलंच नाही. त्यांना वाटलं, बाई गहिवरून बोलतेय. ते हसले आणि फडकं परत करून त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

आता खोटे म्हटल्याने मिठागराला काही होणार नव्हतं, ते तर बुडालंच होतं. पण सगुणाचं काय झालं ते बघा. ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. दारात बायजा उभी. तिने चारचौघींच्या देखत विचारलं, "आमी दिले ते खरे व्हते. आता खोटे झाले, मग खरे गेले कुठं?" शकूने नजर चुकवली. ज्या बायकांबरोबर वीस वर्षं एका फळीवर चढली उतरली, त्यांच्या नजरेत ती एका कागदाने चोर ठरली होती. त्या संध्याकाळी तिने बिल्ले कुणाला परत दिले नाहीत. दिले असते तर मामला तिथेच मिटला असता आणि संशय जन्मभर तिच्या दारात बसला असता. ती म्हणाली, लिलावाच्या दिवशी सगळ्या माझ्याबरोबर या. तिथेच काय ते होऊ दे.

बायजा म्हणाली, येईन, बघायलाच येईन.

लिलाव रविवारी सकाळी होता. घोडबंदरच्या रस्त्याने, झाडांच्या सावलीसावलीने अकरा जणी पुढेमागे चालत आल्या. काष्टे कसलेले, कपाळाला आडवं कुंकू, पायात काही नाही. शाळेच्या हॉलमध्ये टोपीवाले, कोटवाले बसले होते. समोर मंचावर पंत, बाजूला बोली पुकारणारा आनंद, आणि पहिल्या रांगेत महिपत, पायावर पाय टाकून. शिवराई नाण्यांचा एक ढीग विकला गेला, फिरंगी नाण्यावर दोन मुंबईकर हमरीतुमरीवर आले. मग आनंदने पुकारलं, ठाण्याच्या मिठागराचे चाळीस बिल्ले, एकगठ्ठा.

"थांबा," सगुणा म्हणाली.

हॉलमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, ह्या बायकांना आत कुणी सोडलं. सगुणा त्याच्याकडे बघितल्यासारखंही न करता सरळ मंचापाशी गेली, महिपतच्या बिल्ल्यांतला एक उचलला आणि पंतांच्या पुढ्यात धरला. "पंत, ह्यो कुठल्या बाईच्या तोंडात व्हता, त्येवढं सांगा."

पंत चमकले. मग तिने सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. पाटी, फळी, कुजणारा दोरा. हे खड्डे मोडतोडीचे नाहीत, दातांचे आहेत. वजन खाल्लं ते खाऱ्या पाण्याने आणि थुंकीने. आणि ज्या बिल्ल्याला दात लागला नाही तो आमच्या आगरावर आलाच नाही, मग त्याचं शीड कितीही रेखीव असो. पंतांनी बाजू सोडली नाही. ते म्हणाले, न वापरलेले, शिल्लक राहिलेले असू शकतात. सगुणा म्हणाली, मुकादम बाई ठेवली की बिल्ला ओतायचा, बायांशिवाय बिल्ले ओतून तो काय लोणचं घालणार होता? मुंबईकर हसले. एकाने उठून विचारलं, कल्याणच्या शेटजींना हे मिळाले कुठे? महिपतने जुन्या सामानात, जुन्या सामानात, असं दोनदा म्हटलं. आगराचं मोडकं सामान कुणी घेतलं आणि त्यात बिल्ल्याचा साचा होता की नाही, असं सगुणाने विचारलं, तेव्हा त्याला तहान लागली. तो पाणी प्यायला म्हणून उठला तो परत आलाच नाही, आणि आनंदने त्याचे चाळीस बिल्ले बाजूला सारले.

पण पंतांचं मत ते पंतांचं मत. त्यांनी परीक्षाच मांडली. सगुणाच्या फडक्यातले अकरा बिल्ले परातीत कालवले, कापडाने झाकले, आणि एकेकीला बोलावून विचारलं, तुमच्या बिल्ल्याची खूण सांगा. हौसाबाई म्हणाली, सुळा आणि त्याच्या शेजारचा, मध्ये फट. कापड काढलं. तिने बिल्ला उचलला, पदराने पुसला आणि दातांत धरला. तो असा बसला की पंतांनी भिंग लावून खालून वरून पाहिलं, मान डोलावली आणि बिल्ला टेबलावरच्या हिरव्या बनातीवर ठेवला. मग शकू. मग रंगूबाई, जिचा एक दात आडवा होता आणि खड्डाही आडवा होता. कोट-टोपीवाले खुर्च्या सोडून पुढे आले. दहा जणी, दहा बिल्ले. बायजाने आपला शोधायला क्षणही लावला नाही. तो तिच्या डाव्या दातांत बसला, तेव्हा तिचे डोळे भरून आले आणि तिने सगुणाकडे पाहायचं टाळलं.

पंतांनी लेखणी उचलली. त्याच कागदावर दहा जणींची नावं मांडून त्यांच्यापुढे खरा, खरा, असं लिहीत गेले. परातीत एक बिल्ला उरला.

"तुमचा?" पंतांनी विचारलं.

सगुणाने तोंड उघडलं. ज्या पुढच्या दातांत ती बिल्ला धरायची, तिथे नुसत्या हिरड्या. हे तिला पाड्यातून निघतानाच ठाऊक होतं. दुसऱ्या कुठल्या रीतीने पारख करायची याचा मार्ग तिला सुचला नव्हता, आणि सुचला नाही म्हणून ती थांबली नव्हती. पंत खजील झाले, पण बधले नाहीत. म्हणाले, बाई, तुमचं म्हणणं मला पटलं. पण या बिल्ल्याला पुरावा नाही. यादी म्हणजे यादी. याच्यापुढचं मला खोडता येणार नाही.

सगुणाची मान ताठच होती. ती म्हणाली, बाकीच्यांचे विका. माझ्या नावापुढे काय लिहायचं ते लिहा, मी काही तुमच्या पाया पडायला आलेली नाही.

तेवढ्यात बायजा पुढे झाली. तिने टेबलावरचा आपला बिल्ला उचलला, ज्याच्यापुढे पंतांनी लिहिलेल्या खरा या शब्दाची शाई अजून वाळली नव्हती, आणि कनवटीला खोचला. "वीस वरसं मी हिच्या मागं चढलेय. हिचा खोटा, तर माजाबी खोटा. लिवा तसं."

हौसाबाईने आपला उचलला. रंगूबाईने उचलला. शकूने नवऱ्याला विचारायचं मनातही आणलं नाही. बघता बघता हिरवी बनात रिकामी झाली, आणि ज्या मुंबईकर व्यापाऱ्याने मघाशी पाकीट बाहेर काढलं होतं तो पंतांकडे असा बघायला लागला की पंतांनी घाम पुसला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मताला कुणीतरी आडवं आलं होतं, आणि ज्या आडव्या आल्या होत्या त्यांना स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. त्यांनी लेखणी दौतीत बुडवली. खोटे या शब्दावर एक रेघ मारली, मग अजून एक. आणि वर खरा लिहायला गेले.

सगुणाने टेबलावर हात ठेवला. "खरा नका लिवू. त्ये तुमच्या भिंगाचं काम. माजा हाय, येवढंच लिवा."

पंतांनी तिच्याकडे पाहिलं. मग सावकाश, शिरस्तेदाराच्या वळणदार अक्षरात लिहिलं, मिठागराचा बिल्ला, सगुणा काळुराम भोईर हिचा. आणि ते मोठ्याने वाचून दाखवलं, कारण ते वाचून दाखवल्याशिवाय ती हात उचलणार नव्हती. नंतर तिने पंतांना बाकीच्या दहा जणींचीही नावं तशीच लिहायला लावली, आणि एकेक नाव वाचलं गेलं तसतसा एकेक बिल्ला बनातीवर परत आला. शेवटचा बायजाचा. तो ठेवताना बायजाने सगुणाचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

मग सगुणा वळली आणि टेंभी नाक्यावरच्या आपल्या त्याच आवाजात त्या सगळ्या कोट-टोप्यांना म्हणाली, "आता लावा बोली."