भाड्याने मरणारा फिर्मां

फिर्मां लागाश मूळचा जत्रेतला पैलवान. उत्तरेकडच्या कोळशाच्या गावांत तंबू लागायचे, कुस्ती कोण हरणार हे आधीच ठरलेलं असायचं, आणि हरायचं काम फिर्मांकडे. त्याच्यासारखं पडावं ते त्यानंच. दिग्दर्शक आर्मां व्होक्लांनं त्याला तिथेच हेरला आणि पॅरिसच्या स्टुडिओत आणला. पुढे व्होक्लांच्या प्रत्येक चित्रपटात पोशाख दुसऱ्याचा आणि मार फिर्मांचा. मी रंगभूषेला होते. त्याच्या जखमा रंगवणं माझं काम, पण बऱ्याचदा रंगवायच्या आधीच त्या वाहत असत.

व्होक्लां मोठा दिग्दर्शक, त्यात वाद नाही. मारामारी सुरू झाली की त्याचा कॅमेरा हलत नसे, दृश्य मध्ये तुटत नसे, मागे संगीत नसे. नुसते ठोसे आणि धाप. "तुकडे जोडले की खोटेपणा शिरतो," तो म्हणायचा. वर्तमानपत्रं त्याला सत्याचा पुजारी म्हणत. पुजारी हा आणि बोकड फिर्मां! मला तेव्हाही चीड यायची, आजही येते.

जिन्यावरून गडगडताना फिर्मांच्या बरगड्या मोडल्या. एका भांडणाच्या दृश्यात डोक्यावर फुटलेली बाटली खरी निघाली आणि कानाची पाळी लोंबायला लागली. ती तळहातानं दाबून धरत तो मला म्हणाला, "लिओन्तीन, आज तुला सुट्टी गं. रंग मी घरूनच आणलाय."

"मेल्या, गप बस आणि मान सरळ ठेव."

बर्गंडीतल्या एका गावी, धुण्याच्या दगडी हौदावर चित्रीकरण होतं. फेब्रुवारीतलं पाणी, सुरीसारखं. कोर्बिए नावाच्या तरुण नटानं फिर्मांचं डोकं पाण्यात दाबून त्याला मारायचं होतं. श्वास संपला की फिर्मां त्याच्या मांडीवर थापटणार, की कोर्बिएनं सोडायचं. पैलवानांची ही जुनी खूण. आणि व्होक्लां "कट" म्हणेपर्यंत कॅमेऱ्यासमोर कुणी पाऊल टाकायचं नाही, ही आमची रीत.

फिर्मांनं थापटलं. कोर्बिए सोडेना. त्यानं पुन्हा थापटलं. पाय झाडले, बादल्या उलथल्या, नाक दगडावर फुटून पाणी लाल झालं. सगळे खांबासारखे उभे. व्होक्लां पुढे झुकून बघत होता. मी कपडे बडवायचं धोपटणं उचललं आणि कोर्बिएच्या खांद्यावर हाणलं. हाड वाजलं.

फिर्मां पाणी ओकत वर आला. ओठ काळेनिळे.

"बाई, तुम्ही माझं दृश्य मारलंत," व्होक्लां म्हणाला.

"माणूस मरत होता, साहेब!"

कोर्बिए खांदा धरून रडत होता. "मला वाटलं, अभिनयच चाललाय. काका नेहमी इतकं छान करतात..."

मला वाटलं, फिर्मां तरी माझी बाजू घेईल. तो माझ्यावरच उसळला. "कुणी सांगितलं होतं तुला मध्ये तडमडायला? असं मरण मला जन्मात साधलं नव्हतं! साहेब, पुन्हा घेऊ."

मी रंगाची पेटी लाथाडली. "रंग नकोच," व्होक्लां म्हणाला, "ओठ असेच राहू देत." मग दोघा गड्यांना त्यानं मला धरून ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या खेपेला कोर्बिएनं घाबरून पहिल्याच थापेला सोडून दिलं.

"बाळाला न्हाऊ घालतोयस का?" व्होक्लां गरजला.

फिर्मांनं कोर्बिएच्या मानेवर हात ठेवला. "घाबरू नकोस, पोरा. थापटलं तर सोड. नाही थापटलं, तर दाबून धर."

मला त्याचा बेत कळला. मी ओरडले, तर एका गड्यानं माझं तोंड दाबलं. मी त्याचा हात रक्त येईपर्यंत चावले, तरी तो सोडेना. हौदात फिर्मां झटत होता, नखं दगडावर घासत होता. कोर्बिएची मांडी त्याच्या हाताजवळ होती. कोर्बिए थाप पडायची वाट बघत, दात खाऊन दाबत राहिला. पाय मंदावले. पाणी थांबलं.

"कट. सुंदर!"

"उठा काका, जमलं," कोर्बिए हसत म्हणाला. त्यानं फिर्मांचा खांदा हलवला, मग दोन्ही हातांनी हलवला, मग तो किंचाळला.

ते दृश्य चित्रपटात जसंच्या तसं आहे, कुठेही न तोडलेलं. पॅरिसात लोक उठून टाळ्या वाजवत. मीही एकदा बघायला गेले. हौद दिसला आणि मी खुर्चीवरून ताडकन उठले. "थापट ना रे मेल्या, थापट!" मी ओरडत होते, आणि मागचे लोक "बाई, खाली बसा" म्हणत होते.