अस्सल चामड्याची

एसटी स्टँडवर एका मुलीला फिट आली. मी आणि तिची आई तिला कुशीवर वळवत होतो आणि भोवतीचे लोक आपापल्या पायांकडे बघत होते. या आजाराचं औषध आपल्याकडे पायातच असतं.

"चामड्याचीच लागते, रबराचा उपयोग नाही," असं म्हणत एका काकांनी आपली कोल्हापुरी तिच्या नाकाला लावली.

फिट आपल्या वेळेने थांबली. काकांनी धन्वंतरीसारखी मान डोलावली.

"उपाशी आहे हो, चक्कर आली," आई ज्याला त्याला सांगत होती. मुलगी लग्नाची होती, आणि फिट निदान थांबली तरी होती; या माणसांची तोंडं थांबणार नव्हती.

काका नळावर गेले. गावभरची घाण तुडवून आलेली ती चप्पल मुलीच्या नाकाला लागली होती, म्हणून ते ती धूत होते.